चार्टवर आकडा नीट कसा आणायचा: एक्सेलमधली डेटा लेबलं, खान्देशच्या आकड्यांसह

ग्रामपंचायतीचा आढावा असो, शाळेची पटसंख्या असो की केळी गटाचा महिन्याचा हिशेब, चार्ट काढणं दोन क्लिकचं काम आहे. गाडी अडते ती त्यापुढे. स्तंभावर आकडा येत नाही. आला तर 4229917 असा सलग येतो आणि वाचणारा बोट ठेवून अंक मोजत बसतो. पंधरा तालुके भरलेले असतात, खाली नावं मात्र आठच दिसतात. मग घाईघाईने टेक्स्ट बॉक्स काढून त्यात हाताने आकडे लिहिले जातात, आणि पुढच्या महिन्यात डेटा बदलला तरी चार्टवर जुनेच आकडे राहतात.

या लेखातला एकच आग्रह: लेबल, म्हणजे चार्टवर दिसणारा आकडा किंवा मजकूर, सेलमधूनच आलं पाहिजे. चार्टवर हाताने काहीही टाइप करायचं नाही.

मेनूंची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात, इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत. सूत्रांतली अक्षरंही तुम्ही इंग्रजीतच टाकायची. अंक आणि चिन्हं मात्र इथे दिसतात तशीच घ्या.

काय लागेल

- विंडोजवर एक्सेल २०१३ किंवा त्यानंतरची आवृत्ती. २०१० मध्ये साधी लेबलं येतात, पण या लेखातली सगळ्यात कामाची सोय, ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’, त्यात नाही.
- मराठी नावं युनिकोडमध्ये टाइप केलेली. निर्मला यूआय किंवा मंगल फॉन्ट चालतो.
- सरावासाठी हा तक्ता. आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत.

जिल्हा | पुरुष | स्त्रिया | एकूण
जळगाव | 2197365 | 2032552 | 4229917
धुळे | 1054031 | 996831 | 2050862
नंदुरबार | 833170 | 815125 | 1648295

जिल्ह्याचं नाव ए स्तंभात, पुरुष बी, स्त्रिया सी, एकूण डी. मथळे पहिल्या ओळीत.

१. आधी तक्ता तपासा

लेबलाच्या निम्म्या तक्रारी तक्त्यातूनच येतात.

खाली ‘खान्देश एकूण’ अशी ओळ असेल तर चार्टसाठी निवडताना ती सोडा. नाहीतर ७९ लाखांचा एक उंच स्तंभ उभा राहतो आणि बाकीचे तीन त्याच्या पायाशी बसतात.

पीडीएफ किंवा व्हॉट्सॲपवरून उचललेले आकडे बरेचदा मजकूर म्हणून चिकटतात. सेलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो आणि आकडा डावीकडे सरकलेला असतो. एक्सेलचा चार्ट असा आकडा शून्य धरतो, म्हणून स्तंभ गायब आणि लेबल 0. सगळे सेल निवडा, बाजूच्या पिवळ्या चिन्हावर क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू नंबर’ करा.

पहिल्या स्तंभात वर्षं असतील (२००१, २०११) तर एक्सेल त्यांनाही डेटा समजून त्यांचे वेगळे स्तंभ काढतं. त्या स्तंभाचा मथळ्याचा सेल रिकामा ठेवा, मग चार्ट काढा. वर्षं खाली अक्षावर जातात.

रिकामं आणि शून्य यांत गल्लत करू नका. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे १९९१ च्या जनगणनेच्या मूळ तक्त्यात त्याची वेगळी ओळच नाही. तिथे 0 भरलं तर चार्टवर ‘नंदुरबार 0’ असं लेबल येईल, म्हणजे तिथे कुणी राहतच नव्हतं असा अर्थ होईल. सेल रिकामा सोडा.

२. चार्ट काढा आणि लेबल चालू करा

ए1 ते ए4 निवडा, कंट्रोल दाबून धरा, डी1 ते डी4 निवडा. ‘इन्सर्ट’मधून ‘क्लस्टर्ड कॉलम’ घ्या.

चार्टवर एकदा क्लिक केलं की उजव्या वरच्या कोपऱ्याबाहेर अधिकचं हिरवं चिन्ह येतं. त्यातल्या ‘डेटा लेबल्स’वर टिक करा. मॅकवर हे चिन्ह दिसत नाही, तिथे ‘चार्ट डिझाइन’, मग ‘ॲड चार्ट एलिमेंट’, मग ‘डेटा लेबल्स’ असं जा.

क्लिक कुठे पडला हे महत्त्वाचं. चार्टच्या मोकळ्या भागावर क्लिक असेल तर सगळ्या मालिकांना (मालिका म्हणजे सिरीज, तक्त्यातल्या एका मथळ्याखालचे सगळे आकडे) लेबलं लागतात. एखाद्या स्तंभावर क्लिक करून मग टिक केलं तर फक्त त्या मालिकेला. एकच स्तंभ दोनदा, मध्ये थोडं थांबून, क्लिक केला तर फक्त त्या एका स्तंभाला. “एकाच खांबावर आकडा आला, बाकीचे कोरे” याचं कारण बहुतेक वेळा हा दुसरा क्लिक असतो.

३. लेबलाची जागा

कुठल्याही लेबलावर क्लिक करून कंट्रोल आणि 1 दाबा. उजवीकडे ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’ची पट्टी उघडते. यापुढचं बहुतेक काम याच पट्टीत आहे.

साध्या स्तंभाला ‘आउटसाइड एंड’, म्हणजे स्तंभाच्या डोक्यावर. रेषेच्या चार्टला ‘अबव्ह’. थरांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या, स्तंभाला ‘सेंटर’. थरांच्या स्तंभात ‘आउटसाइड एंड’ हा पर्याय मिळतच नाही, शोधत बसू नका. डोक्यावर एकूण आकडा हवा असेल तर त्याची युक्ती सहाव्या पायरीत आहे.

लेबलं लागली की डावीकडचा आकड्यांचा अक्ष आणि मागच्या आडव्या रेषा काढून टाका. निवडा आणि डिलीट दाबा. स्तंभावर नेमका आकडा लिहिलेला असताना बाजूला ० ते ४५ लाखांची मोजपट्टी कशाला? फक्त एक काळजी घ्या. अक्ष काढण्याआधी त्याचा ‘मिनिमम’ 0 आहे हे बघा. तो 10 लाखांपासून सुरू असेल आणि अक्ष पुसलेला असेल, तर जळगावचा स्तंभ नंदुरबारच्या जवळपास पाचपट दिसेल. प्रत्यक्षात तो अडीच पटीच्या आसपास आहे.

४. लाख-कोटीचे स्वल्पविराम

पट्टीत सगळ्यात खाली ‘नंबर’ उघडा. ‘लिंक्ड टू सोर्स’वर टिक असेल तर लेबल सेलचं स्वरूप घेतं. म्हणजे सेलमध्ये स्वरूप नीट असेल तर इथे काही करायची गरज नाही.

अडचण अशी की विंडोजचा विभाग भारत असेल तर साध्या स्वरूपातही 42,29,917 दिसतं, आणि अमेरिका असेल तर 4,229,917. तुमच्या टेबलावर बरोबर दिसणारी फाइल दुसऱ्या कार्यालयात उघडली की स्वल्पविराम सरकतात. ते टाळायचं तर ‘फॉरमॅट कोड’च्या चौकटीत हे टाका आणि ‘ॲड’ दाबा:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

आता कुठल्याही संगणकावर 42,29,917 असंच दिसेल. या कोडला एक मर्यादा आहे. त्यात दोनच अटी बसतात, त्यामुळे उणे आकडे तिसऱ्या भागात जातात. लाखांच्या तोट्याचा चार्ट असेल तर हा कोड वापरू नका.

शून्याची लेबलं लपवायची असतील तर:

#,##0;-#,##0;;

आणि लेबलात देवनागरी अंक हवे असतील तर विंडोजवरच्या एक्सेलमध्ये:

[$-4000439]##\,##\,##0

हा शेवटचा कोड लाखांच्या आकड्यांसाठीच आहे. तक्त्यात मात्र आकडे इंग्रजी अंकांतच भरा. देवनागरी फक्त दिसण्यापुरतं ठेवा, म्हणजे बेरजा बिघडत नाहीत.

५. लेबल सेलमधून आणा

इथे थोडा जास्त वेळ द्या, कारण हे जमलं की बाकी सगळं सोपं आहे.

आढावा बैठकीत 42,29,917 कुणाला नको असतं, ‘42.3 लाख’ पुरे असतं. एक्सेलच्या स्वरूपात हजार आणि दशलक्षाने भागायची सोय आहे, लाखाने भागायची सरळ सोय नाही. म्हणून तक्त्याशेजारी ई स्तंभात मदतीचा स्तंभ करा. ई2 मध्ये:

=डी2/100000

सूत्र खाली ई4 पर्यंत ओढा. मग हे तीन सेल निवडून कंट्रोल आणि 1, ‘कस्टम’, आणि हे स्वरूप:

0.0" लाख"

सेलमध्ये आता 42.3 लाख, 20.5 लाख, 16.5 लाख दिसेल. अवतरणचिन्हं सरळ असू द्या. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणं एक्सेलला चालत नाहीत.

आता चार्टवरच्या लेबलावर क्लिक, कंट्रोल आणि 1, ‘लेबल ऑप्शन्स’मध्ये ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’वर टिक. एक छोटी चौकट उघडेल, तिच्यात ई2 ते ई4 निवडा. मथळ्याचा सेल घेऊ नका. घेतलात तर जळगाववर मथळा, धुळ्यावर जळगावचा आकडा आणि नंदुरबारवर धुळ्याचा, अशी सगळी लेबलं एकेक घर सरकतात. चार्ट वरवर ठीकच दिसतो, म्हणून ही चूक छापून येईपर्यंत लक्षात येत नाही.

त्यानंतर ‘व्हॅल्यू’वरची टिक काढा. ती राहिली तर ‘42.3 लाख, 4229917’ अशी दोन्ही येतात. दोन्ही खरंच हवी असतील तर ‘सेपरेटर’मध्ये ‘न्यू लाइन’ निवडा, म्हणजे एकाखाली एक बसतात.

या पद्धतीत स्वरूप सेलचं चालतं. पट्टीतल्या ‘नंबर’मध्ये कितीही कोड टाकले तरी या लेबलांना लागू होत नाहीत. बदल करायचा तो ई स्तंभात.

मदतीच्या स्तंभात नुसता आकडाच असावा असं नाही. केळीच्या भावाचा चार्ट असेल तर भावासोबत मालाचा प्रकार, म्हणजे नवती, कांदेबाग की वापसी, हेही लेबलात आणता येतं. ए स्तंभात माल आणि बी स्तंभात भाव असेल तर:

=ए2&" ₹"&बी2

आता यातले खड्डे.

लेबलं ओळीच्या क्रमाने बसतात, नावाने नाही. तक्ता चढत्या-उतरत्या क्रमाने लावताना मदतीचा स्तंभ निवडीबाहेर राहिला आणि त्यात सूत्राऐवजी हाताने लिहिलेला मजकूर असेल, तर चोपड्याचं लेबल रावेरवर जाऊन बसतं. क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडा.

नवीन ओळ वाढवली की चार्टची कक्षा (रेंज, म्हणजे निवडलेले सेल) वाढवली जाते, लेबलाची राहून जाते. शेवटचा स्तंभ कोरा दिसला तर ‘सिलेक्ट रेंज’ दाबून कक्षा पुन्हा निवडा.

आणि ही फाइल कुणी एक्सेल २०१० मध्ये उघडली तर लेबलाच्या जागी चौकटी कंसात ‘सेलरेंज’ असा इंग्रजी शब्द दिसतो. फाइल बिघडलेली नसते, तिथे ती सोयच नाही. अशा माणसाला पीडीएफ पाठवा.

एकाच लेबलात वेगळा मजकूर हवा असेल तर लेबलावर एकदा क्लिक करा, थांबा, पुन्हा क्लिक करा. फक्त तेवढंच निवडलं जाईल. मग वर सूत्राच्या पट्टीत = टाका, हवा तो सेल क्लिक करा, एंटर. तिथे एका सेलचाच पत्ता चालतो, जोडाजोड आधी सेलमध्ये करून घ्या. चार्टचं शीर्षकही असंच सेलला बांधता येतं. ‘जनगणना २०११’ एका सेलमध्ये लिहा, शीर्षक निवडा, = आणि तो सेल. कुणी आधीच हाताने टाइप करून लेबल बिघडवलं असेल तर पट्टीतलं ‘रीसेट लेबल टेक्स्ट’ दाबा.

६. थरांच्या स्तंभावर एकूण

पुरुष आणि स्त्रिया एकावर एक, आणि डोक्यावर एकूण. एक्सेलमध्ये त्यासाठी तयार बटण नाही, पण रीत पक्की आहे.

ए1 ते डी4 निवडून ‘स्टॅक्ड कॉलम’ काढा. ‘एकूण’ही थर म्हणून येईल, येऊ द्या. त्या थरावर उजवं क्लिक, ‘चेंज सिरीज चार्ट टाइप’, आणि फक्त ‘एकूण’ला ‘लाइन’ द्या. ‘सेकंडरी ॲक्सिस’वर टिक नको, नाहीतर रेषा वेगळ्या मापाने चढते आणि आकडा स्तंभाच्या डोक्यावर बसत नाही. रेषेला लेबल लावा, जागा ‘अबव्ह’. मग रेषेचा रंग ‘नो लाइन’. शेवटी खालच्या लेजेंडमध्ये, म्हणजे कुठला रंग कशाचा ते सांगणाऱ्या सूचीत, ‘एकूण’वर दोनदा थांबून क्लिक करा आणि डिलीट.

रेषा आता दिसत नाही, मग पुढे ती निवडायची कशी? वरच्या ‘फॉरमॅट’ टॅबमध्ये डाव्या टोकाला एक यादी असते, तिथून ‘एकूण’ निवडता येतं. बारीक थर माऊसने सापडत नसतील तेव्हाही हीच यादी कामाला येते.

७. रोजचं तापमान: सगळ्या दिवसांना लेबल नको

मे महिन्यातल्या भुसावळच्या तापमानाची रेषा काढली आणि लेबल चालू केलं की ३१ आकडे एकमेकांवर चढतात. वाचणाऱ्याला हवा असतो एकच, सगळ्यात तापलेला दिवस.

बी2 ते बी32 मध्ये तापमान असेल तर सी2 मध्ये:

=इफ(बी2=मॅक्स(बी$2:बी$32),बी2,एनए())

सूत्र खाली ओढा. कमाल दिवस सोडून सगळीकडे त्रुटीचं चिन्ह दिसेल, तेच हवं आहे. हा सी स्तंभ दुसरी मालिका म्हणून चार्टमध्ये घ्या, प्रकार ‘लाइन विथ मार्कर्स’. मार्कर नसेल तर एकट्या बिंदूची रेषा होत नाही आणि काहीच दिसत नाही. लेबल फक्त या मालिकेला लावा, जागा ‘अबव्ह’. पुढच्या महिन्याचे आकडे भरले की लेबल आपोआप नव्या कमाल दिवसावर जातं.

ही युक्ती रेषेच्या चार्टपुरती ठेवा. स्तंभांच्या चार्टमध्ये त्रुटीचं चिन्हच लेबल म्हणून छापून येऊ शकतं.

८. पाई

‘पर्सेंटेज’ आणि ‘कॅटेगरी नेम’वर टिक करा, ‘व्हॅल्यू’वरची काढा, लेजेंड काढून टाका. आपल्या तक्त्यात जळगाव ५३, धुळे २६, नंदुरबार २१ टक्के येईल. पाच टक्क्यांखालच्या फाकींची लेबलं एकमेकांत अडकत असतील तर:

[<0.05]"";0%

यात नावं मात्र दिसत राहतात. पाच-सहा फाकींच्या पुढे पाई काढूच नये, आडवे पट्टे काढावेत.

९. पंधरा तालुके, आठच नावं

जळगाव जिल्ह्याचे पंधरा तालुके उभ्या स्तंभांत मांडले की मुक्ताईनगर, चाळीसगाव अशी लांब नावं जागा खातात आणि एक्सेल एकाआड एक नाव गाळतं. अक्षावर क्लिक, कंट्रोल आणि 1, ‘लेबल्स’, ‘स्पेसिफाय इंटरव्हल युनिट’मध्ये 1 टाका. सगळी नावं येतील, पण तिरकी.

त्यापेक्षा ‘क्लस्टर्ड बार’ घ्या, नावं आडवी आणि सुटसुटीत बसतात. बारमध्ये तक्त्यातली पहिली ओळ सगळ्यात खाली जाते. नावांचा अक्ष निवडून ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’वर टिक करा.

मजकुराच्या दिशेत ‘स्टॅक्ड’ कधीही देऊ नका. त्यात अक्षरं एकाखाली एक येतात, शिरोरेषा तुटते आणि ‘धरणगाव’ वाचायला मान वाकडी करावी लागते.

पावसाची सरासरीपेक्षा तूट दाखवायची असेल तर उणे पट्टे नावांवरच चढतात. ‘लेबल पोझिशन’ ‘लो’ करा, नावं कडेला जातात.

नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत असेल तर तक्ता जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला आहे. सेलला तो फॉन्ट लावलेला असतो म्हणून तिथे मराठी दिसतं, चार्ट स्वतःचा फॉन्ट वापरतो. चार्टला तो जुना फॉन्ट लावून आज भागेल, पण दुसऱ्या संगणकावर परत तेच. नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, पंधरा नावांना असा किती वेळ लागतो!

१०. गूगल शीट्समध्ये

चार्टच्या तीन ठिपक्यांतून ‘एडिट चार्ट’, ‘कस्टमाइझ’, ‘सिरीज’, ‘डेटा लेबल्स’. सेलमधून लेबल हवं असेल तर ‘सेटअप’मध्ये मालिकेच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांतून ‘ॲड लेबल्स’ घेऊन मदतीचा स्तंभ निवडा. थरांच्या स्तंभाला इथे ‘टोटल डेटा लेबल्स’ तयार मिळतं, सहाव्या पायरीतली कसरत वाचते.

११. छापणं आणि पाठवणं

रंगीत चार्टची शेवटी काळी-पांढरी झेरॉक्सच निघते. गडद थरावर पांढरं लेबल, फिक्या थरावर काळं, असं ठेवा आणि एकदा काळ्या-पांढऱ्यात प्रिंट काढून बघा. लाल आणि हिरवा झेरॉक्समध्ये सारखेच करडे होतात. ए४ कागदावर लेबलाचा आकार ९ पॉइंटच्या खाली नेऊ नका, देवनागरीत मात्रा-वेलांट्या भरून येतात.

चार्ट वर्डमध्ये नेताना उजव्या क्लिकमधून ‘पिक्चर’ म्हणून चिकटवा. ‘लिंक डेटा’ घेतलं तर एक्सेलची फाइल हलवली की दुवा तुटतो. ‘एम्बेड वर्कबुक’ तर घेऊच नका. त्यात चार्टबरोबर अख्खी एक्सेल फाइल वर्डमध्ये जाते, आणि तुमचा आढावा उघडणारा कुणीही चार्टवर उजवं क्लिक करून दुसऱ्या शीटवरची शेतकऱ्यांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती वाचू शकतो.